उघडं पडलेलं हाड

"ताई, तुमचं हाड नुसतं मोडलेलं नाही. ते कातडी फाडून बाहेर आलंय. याला आम्ही ओपन फ्रॅक्चर म्हणतो. यात आधी जखमेचं बघायचं असतं, हाडाचं नंतर."

परभणीच्या दवाखान्यात स्ट्रेचरवर आडवी असताना हाडांच्या डॉक्टरांनी मला हे सांगितलं. मी छताकडं बघत होते, कारण खाली बघायची हिंमत नव्हती. उजवा पाय गुडघ्याखाली पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेला होता आणि तो माझा आहे असं मला वाटतच नव्हतं.

"पाय राहील का साहेब?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "आत्ता हो म्हटलं तर ते खोटं होईल, आणि नाही म्हटलं तरी खोटंच होईल. धुऊन बघतो, मग खरं सांगतो."

हे उत्तर तेव्हा मला फार कोरडं वाटलं होतं. पुढं कळलं की खरं सांगणारा डॉक्टर मिळणं म्हणजे निम्मा इलाज. आपल्या भागात रोज कुणाचा ना कुणाचा हातपाय मोडतो. मोटरसायकलवर, ट्रॅक्टरखाली, विहिरीच्या कामावर. त्यातल्या एखाद्याचं हाड माझ्यासारखं उघडं पडतं. त्या माणसाच्या आणि त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे.

मी सुमन. येलदरीच्या धरणापासून जवळच आमचं गाव आहे. थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं, यावर आमचं चालतं. सुगी संपली की आमचे मालक, नामदेवराव, कळप घेऊन बाहेर पडतात. झरीकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. ते हिवाळाभर तिकडं आणि मी घरी, लहान कोकरं आणि अशक्त मेंढ्या सांभाळत. दहावीपर्यंत शिकले आहे, त्यामुळं लिहिणं-वाचणं जमतं.

आमच्या घराला लागूनच माझ्या थोरल्या जावेचं घर आहे. तिचं नाव गोदावरी, मी तिला आक्का म्हणते. म्हणजे म्हणत होते. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांत वाजलं, घरं वेगळी झाली, आणि बोलणं बंद पडलं. नंतर थोरले दीर वारले. आक्काची लेक लग्न होऊन गेली. आक्का एकटी राहिली तरी अबोला काही सुटला नाही. एकाच अंगणात आम्ही दोघी पाठ करून भांडी घासायचो.

त्या दिवशी सकाळी कोकरं बाजारात न्यायला पिकअप आली होती. मेंढरं कोंडायच्या आमच्या वाडग्याला दगडांचा गडगा, म्हणजे रचलेली भिंत आहे. मी आतून कोकरं धरून उभी होते आणि ड्रायव्हर गाडी मागं घेत होता. लेंडीच्या ढिगावरून चाक घसरलं, गाडीचा मागचा भाग गडग्यावर आदळला आणि गडगा आतल्या बाजूला, माझ्यावर आला.

दुखलं का, असं सगळे विचारतात. खरं सांगते, आधी दुखलं नाही. आधी ऐकू आलं. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज. मग मी खाली बसलेली होते, कोकरं माझ्या अंगावरून उड्या मारून पळत होती आणि नडगीतून काहीतरी पांढरं बाहेर दिसत होतं.

"हलू नको! हलू नको म्हणते ना!"

ही आक्का होती. पडलेल्या दगडांवरून ती आत आली. इतक्या वर्षांत तिनं मला बोललेले हे पहिले शब्द.

ड्रायव्हर पळून जाईल असं मला वाटलं होतं, पण तो पळाला नाही. त्यानं रुग्णवाहिकेला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडचा माणूस शांतपणे सांगत होता. हाड आत ढकलू नका. जखमेवर काही लावू नका. स्वच्छ कापड ठेवून दाबून धरा. पाय आहे तसाच फळीला बांधा. खायला-प्यायला देऊ नका.

तोवर गल्लीतली माणसं जमली होती. एका म्हाताऱ्यांनी वाटीभर हळद आणली. दुसरं कुणी म्हणालं, चुन्यात कालवून लावा, रगत थांबतं. तिसऱ्यानं हाडं बसवणाऱ्याचं नाव घेतलं, जवळच आहे म्हणाला.

आक्कानं वाटी बाजूला सारली. "तात्या, तुमची हळद लय गुणाची हाय, पर आज नको. फोनवरला माणूस म्हणायलाय काही लावू नका, तर काही लावायचं न्हाई."

मग ती घरात गेली आणि पेटीतून एक पांढरं धोतर घेऊन आली. धुऊन, घडी घालून ठेवलेलं. थोरल्या दिरांचं. तिनं ते दातात धरून टर्रकन फाडलं. मी "आक्का, ते नको" म्हणाले. "गप," ती म्हणाली. "माणूस गेलं, कपडा कुणासाठी ठिवायचा?"

अर्धं धोतर जखमेवर दाबून धरलं, उरलेल्या पट्ट्यांनी पाय दोन फळ्यांमध्ये बांधला. बोटं उघडी ठेवली. पुढं दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी बांधलं? आक्का मागं सरकली, जणू काही चूक झाली.

रुग्णवाहिकेत आक्काही माझ्यासोबत बसली. जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात आम्हाला फार वेळ ठेवलं नाही. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी जी कामं केली ती मला नंतर समजली, म्हणून सांगते. सलाईन लावलं. शिरेतून अँटिबायोटिक दिलं. अशा जखमेत हे इंजेक्शन जितकं लवकर पडेल तितका पू होण्याचा धोका कमी. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पायातली जोडवी काढायला लावली, कारण सूज चढली की ती निघत नाहीत आणि बोटाचं रक्त अडतं. मग धोतराची घडी उचलली, वरवर दिसणारा कचरा चिमट्यानं काढला आणि मोबाईलवर जखमेचा फोटो काढला.

मला राग आला. म्हटलं, आमचा जीव चाललाय आणि या फोटो काढायल्यात.

त्यांच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाल्या, "ताई, परभणीत चार जण ही जखम बघायला येतील. प्रत्येकानं उघडून बघितली तर प्रत्येक वेळी जंतू आत जातील. आता ज्याला बघायचं त्यानं फोटो बघावा. ही पट्टी थेट ऑपरेशनच्या खोलीतच सुटेल." सलाईनमध्ये भिजवलेला गॉज ठेवून त्यांनी वरून झाकलं आणि पाय नव्यानं बांधून दिला.

परभणीला पोचलो. डॉक्टरांनी पहिल्यांदा माझ्या पायाला हातच लावला नाही. श्वास बघितला, छाती, पोट, कंबर दाबून बघितली, मान बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली. मला वाटलं यांना कुणी चुकीचं सांगितलंय.

"पाय तिकडं हाय साहेब," मी म्हणाले.

"दिसतोय मला. पायाला बघून माणूस घाबरतं, पण जीव बहुतेक वेळा दुसरीकडून जातो. ते आधी बघू द्या."

मग ते पायाकडं आले. पावलावर दोन बोटं ठेवून नाडी शोधली आणि जिथं लागली तिथं पेनानं फुली मारली, म्हणजे पुढच्या माणसाला शोधत बसायला नको. कापसानं बोटांना शिवून विचारलं, कळतंय का? बोटं हलवा म्हणाले. अंगठा हलला. तो हललेला बघून आक्काला रडू फुटलं. ती तोवर एकदाही रडली नव्हती.

"कुठं झालं हे?" त्यांनी विचारलं.

"मेंढरांच्या वाडग्यात."

ते लिहिताना थांबले आणि शेजारच्या डॉक्टरांना आणखी एक इंजेक्शन सुरू करायला सांगितलं. मला म्हणाले, "जखम केवढी आहे हे महत्त्वाचं, पण कशात झाली हे त्याहून महत्त्वाचं. शेणामातीत, लेंडीत झालेली जखम लहान दिसली तरी आम्ही ती मोठीच धरतो." म्हणून सांगते, तुमच्या माणसाला घेऊन गेलात तर कुठं लागलं, कशानं लागलं, कधी लागलं हे काही न लपवता सांगा.

एक्स-रे झाले. गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली होती. गुडघा आणि घोटाही फोटोत घेतला, कारण वरचा-खालचा सांधाही बघावा लागतो. मग संमतीचा कागद आला. मी सवयीनं म्हणाले, मालक झरीकडं आहेत, यायला वेळ लागेल, ते आल्यावर सही करतील.

डॉक्टर म्हणाले, "पाय तुमचा आहे आणि तुम्ही शुद्धीवर आहात. सही तुम्हीच करायची."

आजवर घरातल्या कुठल्याच मोठ्या गोष्टीवर माझी सही नव्हती. मी आक्काकडं बघितलं. ती म्हणाली, "कर. मी हाय हितं."

त्या ऑपरेशनला डीब्राइडमेंट म्हणतात. म्हणजे जखम मोकळी करून आतली माती, मेलेलं मांस, हाडाचे सुटलेले निर्जीव तुकडे सगळं काढायचं आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता, त्यामुळं मी जागी होते. समोर हिरवा पडदा. दिसत काहीच नव्हतं, पण पाण्याचा आवाज येत होता. सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या. बादलीत पाणी पडत राहिलं, पडत राहिलं. विहिरीवर कुणी पोहरा ओतत बसावं तसं. मला वाटलं, हाड जोडायचं सोडून हे धुतच काय बसलेत? आता कळतं, माझा पाय त्या धुण्यानं वाचला.

बाहेर आले तेव्हा पायाला बाहेरूनच लोखंडी सळया लावलेल्या होत्या. कातडीतून हाडात गेलेल्या पिना आणि त्या धरून ठेवणारी सळई. याला एक्स्टर्नल फिक्सेटर म्हणतात. आत हाडाला धातूची पट्टी बसवायची नाही, कारण जखम अजून स्वच्छ झाल्याची खात्री नाही. हाड हलायचं थांबलं पाहिजे आणि जखम बघायला मोकळी राहिली पाहिजे. पहिल्यांदा बघितलं तर भीती वाटते. आक्का म्हणाली, "हे तर मांडवाच्या बल्ल्या उभ्या केल्यावानी दिसायलंय." दोघींना हसू आलं. इतक्या वर्षांनी एकत्र हसल्याची लाज वाटली.

रात्रपाळीच्या सिस्टर सारख्या येऊन माझी बोटं वर-खाली करून बघायच्या. झोप मोडायची. एकदा मी कुरकुर केली, तेव्हा त्यांनी समजावलं. पोटरीचे स्नायू घट्ट पिशव्यांत बांधल्यासारखे असतात. मार बसल्यावर आत सूज येऊन पिशवीतला दाब वाढला तर रक्त थांबतं आणि स्नायू मरतात. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. जखम उघडी असली तरी तो होऊ शकतो. बोटं हलवताना कळ मस्तकात जाईल इतकं दुखलं, गोळीनं थांबलं नाही, तर लगेच सांगायचं. सोसायचं नाही. आपल्याकडं बाईमाणसाला सोसायची फार सवय. या दुखण्यात सोसणं म्हणजे पाय घालवणं.

मालक दुसऱ्या दिवशी आले. कळप चुलतभावावर सोपवून, खांद्यावर घोंगडी तशीच. खाटेजवळ उभे राहिले, पायाकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. आक्का दिसली तेव्हा "वैनी, तुमी..." एवढंच म्हणाले. आक्का म्हणाली, "च्या घ्या आधी. गार वाऱ्यात आलाव."

एक दिवस मध्ये ठेवून जखम पुन्हा ऑपरेशनच्या खोलीत उघडून बघितली. त्यानंतर डॉक्टर आमच्याजवळ स्टूल घेऊन बसले. डॉक्टर उभ्या-उभ्या बोलतात तेव्हा साधं असतं. बसले की समजावं, काहीतरी मोठं आहे.

"जखम आता स्वच्छ आहे. पायाचा रक्तपुरवठा चांगला आहे. पण मेलेलं काढावं लागलं, त्यामुळं हाडावर झाकायला कातडी उरली नाही. अशा फ्रॅक्चरला थ्री-बी म्हणतात. हाड उघडं राहिलं तर ते वाळतं, मरतं, पू होतो."

मालक म्हणाले, "साहेब, एक विचारू का? मेंढराचा पाय मोडला तर आमी कामट्या बांधतो. महिन्याभरात पळायलंय ते. मग हिचंच इतकं काहून?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "त्या मेंढराची कातडी फाटलेली असते का?"

मालकांनी विचार केला. "न्हाई. कातडी फाटून हाड बाहेर आलं तर... ते मेंढरू जगत न्हाई."

"तेच. कातडी शाबूत असली की निम्मं काम देवानं केलेलं असतं. इथं ते आपल्याला करायचंय."

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, गुडघ्याखाली पाय काढायचा; जखम लवकर भरेल, नकली पाय बसेल, काही महिन्यांत चालणं सुरू होईल. दुसरी, पाय वाचवायचा. नांदेडहून प्लास्टिक सर्जन येतील, पोटरीतला एक स्नायू वळवून हाडावर आणतील, वर मांडीची कातडी लावतील. पुढं कदाचित आणखी ऑपरेशनं. वर्ष जाईल. आणि एवढं करूनही पू झाला तर शेवटी पाय काढावा लागू शकतो. "माझ्या मते वाचवण्यासारखा आहे. पण सोपं आहे असं मी म्हणणार नाही. विचार करून सांगा."

नातेवाईक भेटायला येत होते. माझा मामेभाऊ म्हणाला, काढून टाका, कटकट मिटेल. मालक म्हणाले, "वरीसभर कोण करणार तुझं? मी कळपामागं. मेंढरं तर सोडता येत न्हाईत." त्यात चिडणं नव्हतं. खरीच अडचण होती. कळप म्हणजे आमचं पोट.

मला वाडग्यात उकिडवं बसून कोकरांना दूध पाजायचं होतं, रानात जायचं होतं, आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की कुणाला एक वर्ष आपल्यासाठी अडकवून ठेवायचा आपल्याला काय हक्क.

आक्का खिडकीपाशी बसली होती. ती तिकडंच बघत म्हणाली, "मला कोण हाय घरी? दोन शेरडं हायत. ती तुमच्या वाडग्यात बांधते. हिचं मी करीन."

मालक म्हणाले, "वैनी, वरीस हाय ते."

"मोजता येतं मला," आक्का म्हणाली.

त्या दिवशी दुसरी सही मी केली. कागदावर लिहिलं होतं, की वेळ पडलीच तर पाय काढायला संमती आहे. ती ओळ मी दोनदा वाचली आणि मग सही केली.

फ्लॅपचं ऑपरेशन दिवसभर चाललं असं बाहेरच्यांना वाटलं. फ्लॅप म्हणजे जिवंत मांसाचं ठिगळ, त्याची स्वतःची रक्तवाहिनी न तोडता वळवून आणलेलं. वर मांडीची पातळ कातडी पसरली, त्याला स्किन ग्राफ्ट म्हणतात. गंमत अशी की पायापेक्षा ती मांडीच जास्त आग करायची. पहिले काही दिवस सर्जन रोज येऊन फ्लॅपचा रंग बघायचे. काळा पडला तर गेला. गुलाबी राहिला तर लागला. आक्का रोज त्यांच्या तोंडाकडं बघून अंदाज घ्यायची. एक दिवस ते म्हणाले, "मावशी, लागलं बरं का." आक्का वॉर्डातल्या सगळ्या खाटांना ते सांगत सुटली.

याच वॉर्डात डॉक्टरांनी मला विचारलं, "तंबाखू, मिसरी काही?"

मी मान खाली घातली. मिसरी लावल्याशिवाय माझी सकाळ होत नव्हती. जळलेली तंबाखू दाताला लावायची, त्यात काय एवढं, असं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, "तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. हाडाला रक्त मिळालं नाही तर ते जुळणार कसं? मी कितीही सळया लावल्या तरी तुमची मिसरी मला हरवेल."

आक्काही मिसरीवाली. तिची डबी कनवटीलाच असायची. ती उठली, माझी डबी घेतली, स्वतःची काढली आणि दोन्ही कचऱ्याच्या टोपलीत टाकून आली. मी म्हणाले, "आक्का, तुला कशाला? तुझा पाय चांगला हाय."

"तुझ्या नाकाम्होरं मी लावू अन् तू बघत बसावं? तसं न्हाई जमायचं." पुढचे काही दिवस आम्ही दोघीही अशा चिडचिड्या झालो की सिस्टर लांबूनच गोळ्या द्यायच्या.

घरी आल्यावर खरी कसोटी होती. दवाखान्यात सगळं आपोआप होतं, घरी आपल्याला करावं लागतं. पिनांभोवतीची जागा रोज स्वच्छ करायची, हात साबणानं धुऊनच. तिथं लाल झालं, पाणी आलं, ताप आला तर दवाखाना गाठायचा. गुडघा आणि घोटा रोज हलवायचा, नाहीतर हाड जुळतं आणि सांधा आखडतो. अंडी, डाळ, दूध खायचं. आक्कानं शेरडांचं दूध विकणं बंद केलं.

हिवाळ्यात त्या सळया इतक्या गार पडायच्या की हाडापर्यंत थंडी जायची. मालक एकदा कळपाकडून आले तेव्हा त्यांनी घोंगडीचा एक तुकडा कापून सळयांवर घालायला टोपी शिवली. ते फार बोलणारे नाहीत. मेंढीची लोकर कातरणाऱ्या हातांनी त्यांनी बारीक टाके घातले होते.

येणारा-जाणारा विचारायचा, अजून काढल्या न्हाईत सळया? हाडं बसवणाऱ्याकडं चला, हप्त्यात उभं करतो. मला राग यायचा नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर बंद फ्रॅक्चर होतं, जे बरंच वेळा तसंही जुळतं. पण उघडं पडलेलं हाड ही वेगळी गोष्ट आहे हे मी त्यांना सांगायचे, आणि सांगताना मलाच धीर यायचा.

उन्हाळ्याच्या तोंडावर एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला आणि स्टूल ओढलं. आक्का माझ्या कानात म्हणाली, "बसले बघ."

"पू नाही, फ्लॅप छान आहे. पण हाड अजून धरत नाहीये. एका बाजूला फट आहे. कमरेच्या हाडातला थोडा भाग काढून तिथं भरावा लागेल." याला बोन ग्राफ्टिंग म्हणतात, बी टाकल्यासारखं आहे, नवं हाड त्याच्या आधारानं उगवतं.

त्या दिवशी मी खचले. इतके दिवस सगळं नीट केलं, मिसरी सोडली, तरी. परतीच्या एसटीत मी आक्काला म्हणाले, "काढूनच टाकला असता तर बरं झालं असतं. तूपण मोकळी झाली असतीस."

झरी मागं पडली तशी आक्का माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "मोकळी होऊन मी काय करणार होते गं? ह्ये गेले तवापासून मोकळीच हाय की मी. लय मोकळी."

मी तिचा हात धरला. एसटीत गर्दी होती, कुणी बघत नव्हतं.

ते ऑपरेशन झालं. पावसाळा सरताना हाडाभोवती एक्स-रेवर ढगासारखं पांढरं दिसू लागलं. डॉक्टर म्हणाले, हेच नवं हाड. आधी वॉकर, मग काठी. दिवाळीआधी सळया निघाल्या. पिना काढताना भूल नव्हती, फक्त दातखीळ बसेल असं वाटलं, पण ते क्षणाचं होतं. जमिनीवर पूर्ण वजन टाकलं तेव्हा पाय माझाच आहे यावर विश्वास बसायला वेळ लागला. तो किंचित आखूड झालाय. चप्पल आतून जाड करून घेतली आहे. कळपामागं दिवसभर जाणं आता होत नाही, उकिडवंही बसता येत नाही. मालकांनी कळप थोडा कमी केला, चार शेळ्या घेतल्या, त्या मी आणि आक्का घरीच सांभाळतो. आमची भांडणं आताही होतात, पाण्यावरूनच. पण बोलून होतात.

नंतर एकदा तपासणीला गेले होते. डॉक्टर म्हणाले, "सुमनताई, जरा वॉर्डात येता का?" तिथं एका खाटेवर एक माणूस होता, पायाला तशाच सळया. जवळ त्याची बायको, विशीतली, डोळे सुजलेले. दुसऱ्या ऑपरेशनला तो तयार होत नव्हता आणि तिला काय सांगावं ते कळत नव्हतं. घरचे म्हणत होते, दवाखान्यातून काढून घेऊन चला.

मी तिच्याजवळ बसले. साडी गुडघ्याखालपर्यंत वर केली. माझा पाय काही बघण्यासारखा नाही. फ्लॅपचा उंचवटा, त्यावर जाळीसारखी कातडी, पिनांचे गोल वण. मी तो कुणाला दाखवत नाही, लग्नकार्यात पदर पसरून झाकून बसते. तिनं बघितलं. तोंड फिरवलं नाही. हात पुढं केला आणि विचारलं, "लावू?"

"लाव की."

तिनं बोटानं तो उंचवटा हळूच दाबला. "हे कळतं तुमाला?"

"वरून न्हाई कळत. आतून कळतं."

खाटेवरचा तिचा नवरा मान वळवून बघत होता. त्यानं विचारलं, "चालता येतं?"

मी उठले. काठी खाटेला टेकवून ठेवली आणि वॉर्डाच्या दारापर्यंत गेले. लंगडत गेले, तसंच लंगडत परत आले. लपवण्यासारखं काही नव्हतं. सगळ्या खाटांवरची माणसं बघत होती.

"असं येतं चालता," मी म्हणाले.

त्यानं माझ्या पावलांकडं बघितलं. मग बायकोला म्हणाला, "डॉक्टरसाहेबांना बोलाव. कागद आणा म्हण."